स्वस्त नेट घ्यायचं की जुनीच लाईन ठेवायची? चामोर्शीतल्या घराचा वर्षाचा हिशोब

चामोर्शी : घरी वायफाय लागलेलं आहे. चालतं बरं. पण शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आलं आणि ते महिन्याला शंभर रुपयांनी स्वस्त आहे म्हणे. मग आपण जास्त पैसे कशाला द्यायचे? हा सवाल पूर्वी नागपूर, चंद्रपूरच्या लोकांचा होता. आता चामोर्शी शहरात आणि आष्टी, घोट या मोठ्या गावांतही तो दारात येऊन उभा आहे. कधी एजंटच्या रूपात, कधी मोबाईलवर आलेल्या जाहिरातीच्या रूपात. घरातली पोरं म्हणतात बदला, घरातले मोठे म्हणतात चालू गाडीला हात कशाला लावता. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे.

सुरुवात पैशापासून करू, कारण बदलायचं कारण तेच आहे.

मोबाईलचा रिचार्ज आणि घरचं ब्रॉडबँड यांच्या जाहिरातीत एक मोठा फरक असतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोबाईलचा २९९ चा रिचार्ज म्हणजे २९९ च कापले जातात, कर त्यातच धरलेला असतो. ब्रॉडबँडची जाहिरात मात्र कर सोडून असते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. म्हणजे ३९९ चा प्लान हातात पडतो ४७१ रुपयांना, ४९९ चा पडतो ५८९ ला आणि ५९९ चा पडतो ७०७ ला. बीएसएनएलचा फायबर बेसिक निओ हा ४४९ चा प्लान घेतला तर खिशातून ५३० जातात. एजंट सांगतो तो आकडा आणि बिलावर येणारा आकडा यातलं भांडण इथूनच सुरू होतं. त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, "टॅक्स धरून किती?"

आता समजा एखाद्या घरी सध्या ४९९ चं कनेक्शन आहे आणि नवीन कंपनी ३९९ ला देते म्हणते. कर धरून जुन्याचे वर्षाला ७०६६ रुपये होतात, नव्याचे ५६५०. फरक १४१६ रुपयांचा. ऐकायला बरा आकडा आहे. पण नवीन कंपनीने जोडणीचे १००० रुपये घेतले तर पहिल्या वर्षी हातात उरतात ४१६ रुपये, म्हणजे महिन्याला पस्तीस रुपयेही नाहीत. जोडणी फुकट आहे असं सांगितलं तर ती कोणत्या अटीवर फुकट आहे ते बघायचं. बहुतेक वेळा सहा महिन्याचे किंवा बारा महिन्याचे पैसे एकदम भरले तरच ती माफ होते. जिओने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एअरफायबर आणलं तेव्हा त्यांनीही हीच पद्धत ठेवली होती, जोडणीचे १००० रुपये आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर माफ.

वर्षाचे पैसे एकदम भरणं नोकरीवाल्याला सोपं जातं. आपल्याकडे धानाचे चुकारे झाले, कापूस विकला, की हातात पैसा असतो. एजंटलाही हे माहीत असतं, म्हणून वर्षाच्या ऑफरचा जोर त्याच दिवसांत असतो. पण ज्या कंपनीची सेवा आपल्या गल्लीत कशी चालते हेच माहीत नाही, तिला वर्षाचे सहा-सात हजार आधीच देऊन टाकणं म्हणजे पेरणीआधी बियाणं न बघता पोतं उचलणं. पहिले एक-दोन महिने महिन्याच्या हिशोबाने घ्यावं, भलेही जोडणीचे पैसे लागोत. नंतर वर्षाचं भरता येतंच.

तार कोणाची, माणूस कोणाचा

कंपनीचं नाव बघून नेट घेण्याची आपली सवय आहे. तालुक्याच्या ठिकाणी मात्र कंपनीच्या नावापेक्षा तार ओढणारा माणूस कोण आहे हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

जुन्या लोकांना टेलिफोन एक्स्चेंजचा लाईनमन आठवत असेल. फोन बंद पडला की ऑफिसात जाऊन सांगायचं, वहीत नोंद व्हायची, लाईनमन सायकलवर यायचा. तो काळ संपला. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलच्या ७८ हजारांवर कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून घराघरात फायबर पोचवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मोठ्या प्रमाणात स्थानिक भागीदारांकडे आहे. कोणी केबल टीव्हीवाला असतो, कोणी छोटा ठेकेदार. बिलातला ठरलेला वाटा त्याला मिळतो. म्हणजे नाव बीएसएनएलचं असलं तरी शिडी घेऊन येणारा पोरगा त्या भागीदाराचा असतो. खासगी कंपन्यांचंही दुरुस्तीचं काम बऱ्याच ठिकाणी असंच ठेकेदारावर चालतं.

त्यामुळे चामोर्शीत ज्या कंपनीचं नाव वाईट, तिचं घोटमध्ये चांगलं असू शकतं. आणि उलटंही. यूट्यूबवर पुण्याचा कोणी सांगतो ही कंपनी एक नंबर आहे, त्याचा आपल्याला उपयोग शून्य. आपल्या कामाचा माणूस म्हणजे त्याच खांबावरून कनेक्शन घेतलेला शेजारी. त्याला विचारायचे प्रश्न दोनच. गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं? आणि फोन केल्यावर माणूस किती दिवसांनी आला? स्पीड किती येतो हे विचारायचीही गरज नाही, ते आपल्याला त्याच्या घरी पाच मिनिटं बसून कळतं.

जोडणी करणारा आला की आणखी एक विचारून ठेवावं, ही तार कोणत्या रस्त्याने आली. साकोली, गडचिरोलीकडून येऊन चामोर्शी, आष्टीवरून आलापल्ली, सिरोंचाकडे जाणारा ३५३ सी हा राष्ट्रीय महामार्ग. या रस्त्यावर काम निघालं, जेसीबीने कडेला खोदलं की जमिनीतली तार तुटते. सुरजागडच्या खनिजाच्या गाड्यांमुळे रस्त्याची काय हालत होते हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. रस्ता खराब झाला की दुरुस्ती येते आणि दुरुस्ती आली की खोदकाम येतं. खोदण्याआधी तारेच्या मालकाला कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं आहे. अ‍ॅप चांगलं आहे. जेसीबीच्या ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये ते असतं का, हा वेगळा विषय.

दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून, एकाच नालीतून येत असतील तर कंपनी बदलून तार तुटण्याचा त्रास कमी होणार नाही. ही गोष्ट कोणताच एजंट सांगत नाही.

तारेचं नेट आणि हवेतलं नेट

सध्या दोन प्रकार विकले जातात आणि दोघांच्याही नावात फायबर शब्द असल्याने लोकांचा घोळ होतो. एक म्हणजे खरंच काचेची बारीक तार घरापर्यंत येते ते. दुसरं एअरफायबर. यात घराच्या छतावर डबी लागते, ती टॉवरचा ५जी सिग्नल पकडते आणि घरात वायफाय देते. तार फक्त छतावरून खोलीत येते, एवढीच. जिओ आणि एअरटेल दोघांनीही २०२३ मध्ये ही सेवा सुरू केली आणि जिथे फायबर ओढणं परवडत नाही तिथे ती पोचवण्याचा त्यांचा प्रयत्न आहे.

हवेतल्या नेटचा फायदा असा की रस्ता खोदला तरी आपल्या गल्लीतली तार तुटायचा प्रश्न नाही. दोन दिवसांत लागून जातं. ज्या टोल्यावर फायबर येण्याची आशा नाही, तिथे हा पर्याय खरोखर कामाचा आहे. पण त्याला टॉवर जवळ लागतो आणि टॉवरवर ५जी लागतं. एजंटच्या बोलण्यावर जाण्यापेक्षा कोणाचा ५जी मोबाईल घेऊन आपल्या छतावर चढावं आणि सिग्नल बघावा. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान बघावा, कारण तेव्हा सगळं गाव मोबाईलवर असतं. दुपारी दोनला सगळंच भारी चालतं.

आपल्या जंगलपट्ट्यात आणखी एक भानगड आहे. सागाची पानं उन्हाळ्यात झडलेली असतात. एप्रिल-मेमध्ये डबी लावली तर टॉवर समोर स्वच्छ दिसतो, सिग्नल फुल. जून-जुलैत सागाला पानं फुटतात, मोहाचं झाड भरून येतं, त्यात पावसाने पानं ओली. रेडिओ लहरींना ओल्या पानांचा अडथळा होतो, सिग्नल उतरतो. घर आणि टॉवरच्या मधे मोठी झाडं असतील तर ही सेवा पावसाळ्यात तपासूनच घ्यावी. उन्हाळ्यात घेणाऱ्याने निदान वर्षाचे पैसे तरी एकदम भरू नयेत.

डेटाची मर्यादा हा मुद्दा लोक उगाच मोठा करतात. तारेच्या नेटला बहुतेक कंपन्या महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा ठेवतात, म्हणजे दिवसाला ११० जीबी. साध्या घरात एवढं संपणं अवघड आहे. एअरफायबरला जिओने १००० जीबी ठेवले, म्हणजे दिवसाला ३३ जीबी. चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी खातो असं धरलं तर दिवसाला दहा-बारा तास टीव्ही चालेल. दोन टीव्ही आणि चार मोबाईल असलेल्या मोठ्या घराने तेवढा विचार करावा, बाकीच्यांनी नाही केला तरी चालेल.

स्पीडचंही तसंच. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० एमबी नव्हे, त्याला आठाने भागायचं. सेकंदाला पावणेचार एमबी उतरतात. एक जीबीचा सिनेमा साडेचार मिनिटांत. पोरांचा क्लास, टीव्ही, दोन मोबाईल, सगळं ३० मध्ये बसतं. १०० चा प्लान घेऊन घरचा राऊटर कपाटामागे ठेवला तर मागच्या खोलीत ३० पण येत नाही. मातीच्या जाड भिंती असलेल्या घरात राऊटर मधल्या खोलीत उंचावर लावणं हे प्लान वाढवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान स्पीड किती, याची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. मर्यादा संपल्यावर किंवा लाईन खराब असल्यावर त्याच्या आसपास घुटमळणाऱ्या कनेक्शनचे पूर्ण पैसे द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लाईन गेली म्हणजे कोणती लाईन?

आपल्याकडे विजेलाही लाईनच म्हणतात आणि नेटचं अर्धं दुखणं त्या लाईनचंच असतं. फायबर चांगली असली तरी घरातल्या राऊटरला वीज लागते. वारा-वादळ झालं, वीज गेली, की नेट बंद. मग लोक कंपनीला शिव्या घालतात आणि दुसरी घेतात. दुसऱ्या कंपनीचा राऊटरही विजेवरच चालतो ना बाप्पा! राऊटरसाठी छोटी बॅटरीची डबी मिळते, बारा व्होल्टची, मिनी यूपीएस म्हणतात तिला. राऊटर दोन-चार तास निभावतो. कंपनी बदलण्याआधी ज्यांचं नेट विजेबरोबरच जातं त्यांनी हा खर्च आधी करून बघावा. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा पॉईंट त्यावर घेतला तरी झालं.

दोष कुठे आहे हे ओळखायची सोपी खूण राऊटरवरच असते. लाल दिवा लुकलुकत असेल, त्याखाली एलओएस लिहिलेलं असेल, तर बाहेरची तार तुटली किंवा वाकली आहे, ते कंपनीचं काम. दिवे हिरवे आहेत आणि तरी नेट चालत नाही तर बिघाड पुढे कुठेतरी आहे किंवा बिल थकलं आहे. तक्रार करताना हे सांगितलं तर समोरचा राऊटर बंद-चालू करा एवढंच सांगून फोन ठेवू शकत नाही.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये असते. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, वैनगंगा फुगली, नाल्यांवरून पाणी गेलं, की तालुक्यातले रस्ते बंद होतात. अशा वेळी गडचिरोलीहून येणारा दुरुस्तीचा माणूस येणार कसा? ज्या कंपनीचा माणूस चामोर्शीतच राहतो, तिची सेवा या दिवसांत वाचते. शंभर रुपये जास्त घेणारा पण गावातच राहणारा भागीदार आणि शंभर रुपये कमी घेणारी पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस पाठवणारी कंपनी, यात पावसाळ्याचे चार महिने पहिलाच स्वस्त पडतो.

आणि नेमकं याच दिवसांत घराला नेटची जास्त गरज असते. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाईन झाला, पूर्वी तो मोठ्या शहरांपुरताच होता. दहावीच्या निकालानंतर फॉर्म भरणं, पसंतीक्रम देणं, यादी बघणं, मुदतीत प्रवेश पक्का करणं, सगळं मोबाईलवर किंवा सेतू केंद्रावर. बारावीनंतरचे प्रवेशही तसेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नेट गेलं आणि पोरीचा नंबर हुकला तर वर्षाचे वाचलेले १४१६ रुपये कोणाच्या कामाचे? ज्या घरी त्या वर्षी दहावी-बारावीचं मूल आहे, त्यांनी मे ते ऑगस्टमध्ये कंपनी बदलायचं नाव काढू नये. दिवाळीनंतर बघावं.

बचत दुसरीकडेच आहे

आता जो मुद्दा या सगळ्यात राहून जातो तो. घरचं नेट शंभर रुपयांनी स्वस्त करायच्या नादात लोक मोबाईलच्या रिचार्जकडे बघत नाहीत, आणि मोठी गळती तिथे आहे.

जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा दिवसाला दीड जीबीचा २३९ चा रिचार्ज २९९ झाला. महिना म्हणायचा, पण दिवस २८. म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. एका मोबाईलचे ३८८७ रुपये. घरात चार मोबाईल असतील तर साडेपंधरा हजार. यावर कोणी भांडत नाही, कारण ते तुकड्या-तुकड्याने जातात.

ज्या घरी वायफाय आहे, तिथल्या प्रत्येक मोबाईलला रोजचा दीड जीबी कशाला पाहिजे? आजी-आजोबांचा मोबाईल घर सोडून फारसा जात नाही. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ ला कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलण्याचे आणि एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्जही ठेवा. त्यानंतर जिओने ८४ दिवसांचा ४४८ चा आणि एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ चा रिचार्ज आणला. २९९ चे तीन रिचार्ज म्हणजे ८४ दिवसांचे ८९७ रुपये, त्याजागी ४४८. जवळजवळ निम्मे. एका मोबाईलमागे ८४ दिवसांत ४४९ रुपये वाचतात. दोन मोबाईल असे बदलले तर चार फेऱ्यांत, म्हणजे ३३६ दिवसांत, ३५९२ रुपये वाचले. कंपनी बदलून वाचत होते १४१६, तेही जोडणीचा खर्च सोडून. इथे खांबावर कोणाला चढावं लागत नाही.

हे रिचार्ज दुकानदार स्वतःहून सांगत नाही आणि अ‍ॅपमध्येही खाली कुठेतरी दडलेले असतात, शोधावे लागतात. दरही बदलत असतात, त्यामुळे मारण्याआधी अ‍ॅपमध्ये आकडा बघून घ्यावा. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, तो अशा रिचार्जवरही येतो. घराबाहेर फोन पे, गुगल पे मात्र चालणार नाही, त्यासाठी डेटा लागतो. म्हणून बाजारात जाणाऱ्याच्या, शेतावर जाणाऱ्याच्या मोबाईलचा डेटा काढायचा नाही. ई-पीक पाहणीचा फोटो बांधीवर उभं राहूनच काढावा लागतो आणि तिथे घरचं वायफाय काही पोचत नाही.

घरात टॉवरची रेंज येत नसेल पण वायफाय असेल, तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करावं. जिओ आणि एअरटेलच्या सिमवर, मोबाईलमध्ये सोय असेल तर, वायफाय कोणत्याही कंपनीचं असो, त्यावरून साधा फोन लागतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. जंगलाकडच्या गावांत ज्यांना फोन आला की अंगणात पळावं लागतं, त्यांच्यासाठी ही सोय स्पीडपेक्षा मोठी आहे.

बदलायचंच असेल तर

मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याला पोर्ट करणं म्हणतात. घरच्या ब्रॉडबँडला अशी सोय नाही. जुनं बंद करून नवीन घ्यायचं, एवढाच मार्ग. लोक चूक करतात ती इथे. नवीन लागणार म्हणून जुनं आधी बंद करतात, मग नवीनवाला "उद्या येतो" म्हणत पंधरा दिवस काढतो. दोन्ही कनेक्शन एक महिना बरोबर चालू ठेवावेत. जाणारे पाचशे रुपये हा विम्याचा हप्ता समजायचा. त्या महिन्यात एक तरी जोराचा पाऊस आणि एक तरी बिघाड बघायला मिळाला तर फारच चांगलं.

जुनं बंद करताना तोंडी सांगून चालत नाही. एजंटला "काढून टाक रे" म्हटलं आणि बिल येतच राहिलं, थकबाकी चढली, वसुलीचे फोन आले, अशा तक्रारी सगळीकडे ऐकायला मिळतात. बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा अ‍ॅपवरून द्यावा, नोंद क्रमांक घ्यावा. राऊटर कंपनीचा असेल तर परत केल्याची पावती घ्यावी आणि राऊटरमागचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवावा. सुरुवातीला डिपॉझिट भरलं असेल तर ते परत मिळायचा आपला हक्क आहे, तो मागावा लागतो. स्वतःच्या पैशाने घेतलेला राऊटर नव्या कंपनीवर चालेल का, हेही आधी विचारून घ्यावं. बऱ्याचदा तो चालत नाही आणि नव्याचे हजार-पंधराशे वाढतात.

बदलण्याआधी आणखी एक उपाय आहे, आणि तो फुकट आहे. चालू कंपनीच्या भागीदाराला सांगायचं की समोरचा ३९९ ला देतो, आम्ही चाललो. ग्राहक गेला तर त्याचा वाटा जातो. कधी स्वस्त प्लानवर टाकतो, कधी पडलेली तार नीट करून देतो. त्याच कंपनीचा खालचा प्लान घेणं हा कंपनी बदलण्यापेक्षा बिनधोक मार्ग आहे आणि बऱ्याच लोकांना असा खालचा प्लान असतो हेच माहीत नसतं.

सेवा नीट मिळत नसेल तर सोडून जाण्याशिवायही मार्ग आहेत. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. तारेच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची, असं त्यात आहे. जिल्हा पातळीवर चोवीस तासांपेक्षा जास्त नेटवर्क बंद राहिलं तर बिल भरणाऱ्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला दिवस वाढवून देण्याची तरतूद आहे. पण यासाठी तक्रारीची नोंद लागते. लाईनमनला व्हॉट्सअ‍ॅप केलेला मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या तक्रार केंद्रावर फोन करून डॉकेट नंबर घ्यायचा, तारीख लिहून ठेवायची. तिथे भागलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. आणि टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते जुनं झालं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात जाता येतं असा निकाल दिला आहे.

थोडं थांबावं का?

काही लोक म्हणतात, कशाला आता बदलता, स्टारलिंक येत आहे. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. देशातलं असं करणारं हे पहिलं राज्य. दुर्गम भाग म्हणून ज्या जिल्ह्यांची नावं त्यात घेतली गेली त्यात गडचिरोली आहे, बरोबर नंदुरबार, धाराशिव, वाशीम. पण त्यात भर सरकारी संस्था, शाळा, आरोग्य केंद्रं आणि जिथे काहीच पोचत नाही अशा गावांवर आहे. घरगुती ग्राहकाच्या दराचं म्हणाल तर डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या वेबसाईटवर महिन्याला ८६०० रुपये आणि डिशचे ३४ हजार असा आकडा झळकला होता. कंपनीने लगेच सांगितलं की तो चाचणीचा डेटा चुकून दिसला, खरा दर तो नाही. खरा दर याच्या निम्मा निघाला तरी ४७१ रुपयांच्या फायबरशी त्याची तुलना होत नाही. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांसाठी ती मोठी गोष्ट ठरू शकते. चामोर्शीत तार दारात असलेल्या माणसाने त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

भारतनेटचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची ही योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुष्कळ ग्रामपंचायतींत डबा लागला आणि धूळ खात बसला, हे सगळ्यांनी बघितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. आधी तार एका ओळीत जात होती, मधे तुटली की पुढची सगळी गावं बंद. आता ती गोलाकार जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. दुसरं, गावातल्याच माणसाला उद्यमी म्हणून नेमून त्याच्याकडून घरोघरी कनेक्शन द्यायचे आणि सांभाळायचे. पाच वर्षांत देशात दीड कोटी ग्रामीण घरांचं उद्दिष्ट आहे. हे काम आपल्या ग्रामपंचायतीत कुठपर्यंत आलं, उद्यमी कोण नेमला, तार गोल जोडली की अजून एकाच बाजूची आहे, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामपंचायतीतला डबा चालू असेल आणि उद्यमी गावातलाच असेल, तर आतल्या गावांसाठी तोच पर्याय आधी तपासावा.

शेजारच्यांनी मिळून एकच कनेक्शन घ्यायचं आणि पासवर्ड वाटायचा, हाही प्रकार गावोगाव चालतो. चाळीतल्या दोन भावांचं ठीक आहे. पण पैसे घेऊन दहा घरांना वाटणं कंपनीच्या अटीत बसत नाही, आणि त्या वायफायवरून कोणी काही भलतं केलं तर पोलीस येतात ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे. दुकानदाराला लोकांना वायफाय विकायचंच असेल तर त्यासाठी डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी ही सरकारी योजना आहे. त्यात वेगळा परवाना लागत नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिलं की अशा दुकानदाराकडून कंपनीने घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. ४९९ च्या प्लानचे त्याला करासोडून जास्तीत जास्त ९९८ पडतील. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीला किंवा मार्कंडा देवच्या जत्रेत दुकान लावणाऱ्याला हे परवडतं का, तो हिशोब ज्याचा त्याने करावा. पण तो करायला ९९८ नव्हे, कर धरून ११७८ रुपये महिना हा आकडा धरावा.